पंचेचाळीसचे साठ

बहिरू मीटरवाला मुळात मीटरवाला नव्हताच, तो घड्याळजी. नाशिकच्या मेनरोडला एका कापडदुकानाच्या पायरीशी काचेची पेटी मांडून बसायचा, उजव्या डोळ्यात भिंग अडकवून. चावीचं घड्याळ त्याने खोललं की येणारे-जाणारे थबकून बघत राहायचे. पण नव्वदच्या आगेमागे सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आली. बंद पडलं की लोक फेकायचे आणि नवं घ्यायचे. बहिरूच्या पेटीवर माशा बसायला लागल्या. तेव्हा जुन्या मोटारसायकलींचा धंदा करणारे महेशशेठ त्याला म्हणाले, "गाडीचं मीटर म्हणजे तरी काय रे, जरा दांडगं घड्याळच. चल माझ्याकडे."

बहिरू गेला. गंजमाळला शेठच्या आवाराला लागून त्याला पत्र्याची टपरी मिळाली. काम काय, तर मीटर मागे फिरवायचं. साठ हजार किलोमीटर पळून दमलेली गाडी बहिरूच्या हाताखालून गेली की एकवीस हजारांची तरणीताठी होऊन बाहेर पडायची. हे पाप आहे असं त्याला कोणी म्हटलं असतं, तर त्याने भाबडेपणाने विचारलं असतं, का बुवा? सगळेच करतात. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि खरंच, माणूस वाईट नव्हता हो. भित्रा होता. भित्र्या माणसाच्या हातून काय काय होतं त्याला मात्र गणती नाही.

त्या रांगेतल्या टपऱ्यांचा एक कायदा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. ज्याने त्याने आपलं बघावं. मीटरवाल्याने मीटर, सीटवाल्याने सीट, वेल्डिंगवाल्याने वेल्डिंग. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याच्या कामाला आणि शेठच्या मालाला नाव ठेवायचं नाही. ठेवलं की दुसऱ्या दिवशी टपरी उठलीच म्हणून समजा. बहिरूने हा कायदा पंधरा वर्षं पाळला. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

पुढे आकडेवाली मीटरं आली. काटा नाही, केबल नाही, नुसते हिरवे आकडे. रांगेतल्या जुन्या लोकांनी हात टेकले. बहिरू पन्नाशीला आलेला, पण त्याने वायरी तपासायचं मल्टिमीटर आणलं, भंगारातून चार मेलेली मीटरं आणली आणि सहा महिन्यांत ती विद्या हस्तगत केली. दोन हजार आठ साल उजाडेपर्यंत नाशकात कोणाच्या गाडीचे आकडे गेले, की लोक म्हणायचे, बहिरूकडे जा. ह्याचा त्याला फार अभिमान होता. घड्याळांनी घालवलेली अब्रू मीटरांनी परत दिली असं तो बायकोला, कुसाबाईला, सांगायचा.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये सावळीराम आला. मखमलाबादचा माळी, घरचा गुलाब. रोज पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारात टोपल्या न्यायच्या, म्हणून महेशशेठकडून तीन आठवड्यांपूर्वी जुनी गाडी घेतलेली. मागे त्याची मुलगी रूपाली बसली होती. डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती, एकोणीस वर्षांची.

"बहिरूभाऊ, शेठनी धाडलंय," सावळीराम म्हणाला. "मीटर नीट चालतं अन् मधीच शून्यावर येतं. माझा तर जीव टांगणीला लागलाय."

"आकडाच गेलाय, गाडी तर पळते ना? मग जीव कशाला टांगता?"

सावळीराम ओशाळून मुलीकडे बघायला लागला. रूपालीच म्हणाली, "काका, मी अण्णांना शपथ घातलीय. पन्नासच्या वर न्यायची नाही. आधीच्या गाडीवर दोनदा पडलेत. आता मीटरच बंद म्हटल्यावर ह्यांना मोकळं रानच."

"लय कडक मास्तरीण हाय," सावळीराम म्हणाला, पण चेहरा असा फुललेला की जणू पोरीला मेडलच मिळालंय. "पन्नास म्हंजे पन्नास. आकडा बघूनच चालवतो मी."

बहिरूने गाडी मधल्या स्टँडवर घेतली. आधी बॅटरी बघितली, ती ठणठणीत. फ्यूज बघितला, शाबूत. पुढचं चाक उचलून हाताने गरगर फिरवलं तर मीटरवर अकरा, चौदा, सतरा असे आकडे उमटले. म्हणजे मीटरही चांगलं आणि चाकाजवळचा सेन्सरही चांगला. मग दुखणं मधल्या वाटेवर. सेन्सरपासून मीटरपर्यंत तीन वायरी जातात. मल्टिमीटरचं एक टोक खाली लावलं, एक वर लावलं. यंत्र पीं करून वाजत राहिलं. "पोरी, हँडल डावीकडे वळव." तिने वळवलं आणि आवाज थांबला. सरळ केलं, परत सुरू झाला.

"काय झालं, काका?"

"वायर आतून तुटलीय. वरचं प्लॅस्टिक धड आहे म्हणून दिसत नाही. सरळ असताना टोकं एकमेकांना टेकतात, वळलं की सुटतात." पोर डोळे मोठे करून बघत होती. बहिरूला शिकवायला नेहमीच आवडायचं, शिकणारं कोणी मिळायचं नाही. त्याने तिला मल्टिमीटर हातात दिलं, वाजवून बघ म्हणाला.

मग पुढचा दिवा काढला, वायरींचा जुडगा मोकळा केला आणि बोटाने चाचपत मागे गेला. हँडलचा दांडा गाडीच्या चेसिसमध्ये जिथे बसतो, ती गाडीची मानच म्हणायची. सगळा भार तिथे. त्या मानेपाशी वायर कशावर तरी घासून कापली गेली होती. तिथे घासायला काही असायचं कारण नाही, कंपनीची मान गुळगुळीत असते. बहिरूच्या बोटाला खरखरीत लागलं. त्याने डोळ्यात जुनं भिंग अडकवलं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काळा रंग खरवडला. रंगाखाली लांबी, म्हणजे खाच बुजवायची पुट्टी, भरलेली होती, ती पापुद्र्याने निघाली. तिच्याखाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ, मानेच्या तीन बाजूंनी.

ही गाडी कधीतरी कशावर तरी जाऊन आपटली होती. मान तुटली होती. कोणीतरी ती चिकटवून, रंग फासून परत रस्त्यावर आणली होती. आणि रेघेच्या एका टोकाला केसाएवढी भेग दिसत होती.

बापलेक बाहेरच्या बाकावर बसून उसाचा रस पीत होते. बहिरू हात पुसत सरळ शेठच्या ऑफिसात गेला आणि हळूच म्हणाला, "शेठ, त्या माळ्याच्या गाडीला मानेत जोड आहे."

महेशशेठने वर बघितलंही नाही. "मग? जोड काय आजच निघाला? पक्कं काम आहे ते. तू मीटरला बसलायस ना? मीटर बघ."

एवढंच. आवाज चढवला नाही की दम भरला नाही. बहिरू "बरं" म्हणून माघारी आला. सांगायचं होतं एक वाक्य. सावळीरामभाऊ, ही गाडी परत करा. पण तेवढ्या एका वाक्यात टपरी होती, पंधरा वर्षं होती, पन्नाशीनंतर पुन्हा कोणाच्या तरी पायरीशी पेटी मांडणं होतं. तो पुन्हा गाडीपाशी जाऊन बसला.

पण नुसता गप्प बसला असता तर तो बहिरू कसला. मन खातच होतं. आणि मग त्याच्या डोक्यातून एक युक्ती निघाली. मीटरवाल्याचं डोकं ते, मीटरच्या बाहेर थोडंच धावणार? हा माणूस आकडा बघून गाडी चालवतो. मग आकडाच चढा दाखवला तर? पन्नास दिसेल, पण गाडी असेल सदतीस-अडतीसवर. सावकाश चालेल, मानेला हिसके कमी बसतील, जोड धरून राहील. पुढेमागे शेठची नजर चुकवून सांगताही येईल.

पुढच्या चाकाच्या आसापाशी मीटरची एक छोटी दात्यांची गरारी असते. चाकाचे फेरे मोजून ती सेन्सरला देते. बहिरूने ती काढली आणि भंगाराच्या डब्यातून लहान चाकाच्या गाडीची गरारी शोधली. ती नेमकी बसेना, म्हणून कानशीने घासून घासून बसवली. इतकं बारीक काम त्याने घड्याळं सोडल्यापासून केलं नव्हतं. मग वायर जोडली, पुन्हा घासू नये म्हणून रबराची नळी चढवली, मानेवर काळा रंग मारला. रस्त्यावर दुसऱ्या गाडीबरोबर पळवून ताळा घेतला. त्या गाडीवर पंचेचाळीस, ह्या गाडीवर साठ. चोख.

रूपालीने हँडल डावीकडे, उजवीकडे वळवून बघितलं. आकडा हलला नाही. ती खूश झाली. "काका, आता खरं दाखवतं ना?"

"हो," बहिरू म्हणाला. "एकदम खरं."

पुढचे काही महिने बरे गेले. सावळीराम आठ-पंधरा दिवसांनी टपरीवर डोकावायचा, कुसाबाईसाठी गुलाबाची जुडी ठेवून जायचा. गाडीवर जाम खूश. "लिटरला पंच्याहत्तर देती, बहिरूभाऊ. गावात कुणाचा इस्वास बसत नाय." बसेल कसा? मीटर किलोमीटरही चढेच मोजत होतं. एकदा म्हणाला, "रस्त्यावरच्या दगडाशी मीटर जुळत नाय. दगड आठ म्हणतो, मीटर साडेदहा." बहिरू हसून म्हणाला, "सरकारी दगड तो. माझ्यावर भरवसा ठेवायचा का सरकारवर, तुम्हीच ठरवा." दोघेही हसले. आणि दर वेळी तो गेल्यावर बहिरू स्वतःला सांगायचा, पुढच्या खेपेला सांगू. दहा-बारा खेपा अशाच गेल्या. युक्ती चालली होती ना, मग घाई कसली? झाकली मूठ सव्वा लाखाची.

सप्टेंबरात रूपालीला पेठकडच्या एका आश्रमशाळेत पाठ घ्यायचा होता. तपासनीस येणार होते, वर्षाचे गुण त्यावर. त्या दिवशी एस.टी. चुकली. सावळीरामने तिला गाडीवर घेतलं. उशीर होत होता, म्हणून सावळघाटाच्या अलीकडे त्याने पहिल्यांदा शपथ मोडली आणि मूठ पिळली. मागून खांद्यावरून बघत पोर म्हणाली, "अण्णा, साठ झाले. हळू." तो म्हणाला, "एवढा चढ लागूस्तवर, बाय." त्यानंतर खड्डा आला. मोठा नव्हता. हँडल त्याच्या हातात राहिलं आणि गाडी खालून निघून गेली. सावळीरामचा हात मोडला. रूपाली कडेच्या दगडावर डोक्यावर पडली. दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही.

हवालदाराने विचारलं, वेग किती होता? सावळीराम म्हणाला, "साठ. म्या स्वतः बघितला आकडा." गाडीची मान मोडलेली सगळ्यांना दिसली, पण पडल्यामुळे मोडली असंच सगळ्यांनी धरलं. कागदावर आलं, भरधाव वेगाने, हयगयीने गाडी चालवून मुलीच्या मरणास कारणीभूत. त्याने वाचलंसुद्धा नाही, डाव्या हाताचा अंगठा उठवला.

बहिरूला हे कळलं ते फुलबाजारातल्या एकाकडून. तो टपरी बंद करून घरी आला आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. दशक्रियेला गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, गेला. रामकुंडाच्या पायऱ्यांवर भावकी जमली होती. सावळीराम गळ्यात अडकवलेला हात सांभाळत, भेटायला येईल त्याला एकच सांगत होता. "म्या साठवर होतो. पोरगी म्हणली हळू. म्या ऐकलं नाय." लोक पाठीवर हात ठेवून पुढे सरकत. त्याची बायको नवसाबाई बायकांत बसली होती. नवऱ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. बहिरूची पाळी आली तेव्हा सावळीराम त्यालाही तेच म्हणाला. बहिरूनेही त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढे सरकला. मागे माणसं उभी होती.

पुढच्या आठवड्यात फुलबाजारातून बातम्या येत राहिल्या. सावळीरामच्या शेतात गुलाब फुलून गळतोय, तोडायला कोणी नाही. वकील कर म्हटलं तर म्हणतो, मला आतच टाका. नवसाबाई त्याचं ताट वाढून ठेवते, पण त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. बहिरूचा घास तोंडात फिरायला लागला. शेवटी त्याने कुसाबाईला सगळं सांगितलं, वेल्डिंग, शेठ, गरारी, सगळं. ती भाकरी करत होती. थापता थापता थांबली.

"त्या पोरीच्या घरचे गुलाब मी देव्हाऱ्यात ठेवले हो," ती म्हणाली. मग हाताचं पीठ धुतलं. "मला कशाला सांगताय? ज्याला सांगायचं त्याला सांगा जाऊन."

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिरू मखमलाबादला गेला. काढून ठेवलेली मूळची गरारी कागदात बांधून खिशात घेतली होती. सावळीराम ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. नवसाबाई आत सूप घेऊन बसली होती.

बहिरू शेजारी टेकला. "सावळीरामभाऊ, तुम्ही साठवर नव्हता."

"म्या बघितलं, भाऊ."

"आकडा साठ होता. गाडी पंचेचाळीसवर होती. मीटर चढं दाखवत होतं. मीच तसं करून दिलं होतं. ही बघा मूळची गरारी, मी बदलली होती. आठवा, दगडाशी मीटर जुळत नव्हतं. आठ म्हणजे साडेदहा."

सावळीराम त्या इवल्याशा चकतीकडे बघत राहिला. "परत सांगा."

"पंचेचाळीस. पन्नासच्यासुद्धा आत. तुम्ही शपथ मोडलीच नव्हती. मी पोलिसात तसं लिहून देतो."

सावळीरामने धड हाताने बहिरूचा हात धरला. घट्ट. त्याच्या तोंडून आधी नुसताच आवाज निघाला, मग तो ढसाढसा रडायला लागला. "नवसा," त्याने हाक मारली, "अगं, भाईर ये. ऐक हे काय म्हणत्यात. म्या हळूच होतो गं. पंचेचाळीस."

नवसाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बहिरूने तिच्यासमोर सगळं परत सांगितलं. ती नवऱ्याकडे बघायला लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. एवढ्यावरच थांबता आलं असतं, आणि बहिरूला, खोटं कशाला बोला, तिथेच थांबायचं होतं. पण बाई शहाणी होती. पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "पन मीटर चढं कशापायी केलं तुम्ही?"

आता दुसरी वाट नव्हती. "गाडीच्या मानेत जोड होता," तो म्हणाला. "वेल्डिंग केलेलं. भेग पडायला लागली होती. तुम्ही सावकाश चालवावी म्हणून केलं."

"तवा दिसला होता जोड?"

"हो."

"म्हंजे मार्चात."

"हो."

सावळीराम अजून बहिरूचा हात धरून होता. त्याला अजून पुरतं उमजलं नव्हतं, किंवा उमजून घ्यायचं नव्हतं.

"ती चकती बदलायला किती टाइम लागला तुम्हाला?" नवसाबाईने विचारलं.

"दोन तास. घासून बसवावी लागली."

"अन् सांगायला किती लागला असता?"

सावळीरामने तेव्हा बहिरूचा हात सोडला.